विहिरीवरचं आभाळ

१० जून, सोमवार

दहा कारणं हवीत म्हणे! आमच्या गावाला लोकांनी का यावं याची दहा कारणं – पत्रकात छापायला. इमोजन आली होती वही घेऊन. "एनिड, तुमच्याइतकं कोण सांगू शकणार?"

एनिड! ओळख ना पाळख. तीन वर्षं झाली तिला मँचेस्टरहून येऊन. आमचं जुनं प्रार्थनाघर विकत घेतलं, त्यात न्हाणीघर बांधलं, आणि मी सत्तरी ओलांडलेली बाई तिला नुसती एनिड.

म्हटलं, लिही – बस दिवसाला दोन, त्यातली एक येत नाही. जुलैत रस्त्याच्या कडेला गाड्या अशा लावतात की मेंढ्यांना अंग चोरून जावं लागतं. मागच्या वर्षी एकजण माझ्या खिडकीला नाक लावून आत बघत होता – मी जेवत होते! ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

१३ जून, गुरुवार

विहिरीवरच्या चित्राच्या फळ्या आज तळ्यातून काढल्या. चार दिवस भिजल्या म्हणजे माती धरून ठेवतात. क्लिफर्डने – माझा धाकटा दीर – मीठ घालून माती तुडवली, अनवाणी, गुडघे दुखतात तरी. ती फळ्यांवर थापायची आणि तिच्यात पाकळ्या खोचून चित्र करायचं. यंदाचं चित्र: दगडी कुंपणाशी मेंढी आणि कोकरू, वर आभाळ. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी ते विहिरीवर उभं राहणार, पाद्री आशीर्वाद देणार. आजूबाजूची गावं कोरडी पडली होती तेव्हा आमची विहीर आटली नाही, त्याचे आभार. पाकळ्यांनी मानायचे. आठ दिवसांत वाळतात. वाळू देत.

आभाळ माझं. एक्केचाळीस वर्षं! निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्या, खालून वर लावत जायचं, एकीवर एक, कौलांसारख्या – म्हणजे पाऊस वरच्या वर निघून जातो. माझ्याआधी ते सासूबाईंचं होतं. हात चालेना तेव्हाच त्यांनी सोडलं. माझे हात अजून चांगले चालतात.

१६ जून, रविवार

इमोजन पत्रकाचा मसुदा दाराच्या फटीतून टाकून गेली. हिरव्या टेकड्या, दगडी कुंपणं, नदीकाठची रानफुलं, गरम ओटकेक. आणि आठवं कारण – 'प्रेमळ माणसं'.

कोण प्रेमळ? कुणाला विचारून लिहिलं? उचलली जीभ, लावली टाळ्याला! पेनाने 'प्रेमळ' खोडला आणि कागद तिच्या दाराखालून परत सरकवला. आता नुसती 'माणसं' राहिली. तेवढं खरं आहे.

१९ जून, बुधवार

क्लिफर्डच्या कोठारात पाकळ्या लावायला सुरुवात. दिवे बदललेत – पिवळट, मेलेले. यांत काय दिसणार, असं विचारलं तर क्लिफर्ड म्हणतो, तेच आहेत, दहा वर्षं तेच आहेत. मला काय कळत नाही? हल्ली सगळ्याच वस्तू कळकट. माझा निळा कपसुद्धा धुऊन धुऊन मळका झालाय. पूर्वी रंग टिकायचे.

इमोजन नेमकी माझ्या शेजारी येऊन बसली. मेंढीच्या पाठीवर दगडफूल लावत होती, लोकर म्हणून. बरं लावते. पण सारखी नजर माझ्या हाताकडे. काय बघायचंय एवढं?

दिवसभरात दोन वीत आभाळ झालं.

२० जून, गुरुवार

माझ्या आभाळाला कुणीतरी हात लावलाय!

सकाळी बोट फिरवलं आणि कळलं. माझी पाकळी सैल बसते, बोटाखाली जराशी हलते. मधेमधे काही पाकळ्या घट्ट दाबलेल्या होत्या. नवशिक्याचं काम! सगळ्यांसमोर विचारलं, कोण ते. कोठारात पंधरा माणसं, सगळी आपापल्या पाकळ्या निवडण्यात गुंतलेली. क्लिफर्ड मातीकडे बघत बसला. इमोजनच्या नखांत ओली माती – काम सुरू व्हायच्या आधी!

"माझ्या आभाळाला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

ती लालबुंद झाली. "हो," एवढंच म्हणाली.

२१ जून, शुक्रवार

पकडली!

पहाटे पाचला गेले, उजाडलंच होतं. कोठाराचं दार उघडं. इमोजन माझ्या आभाळावर वाकलेली, हातात चिमटा, एकेक पाकळी उपटून डब्यात टाकतेय. आणि क्लिफर्ड तिला उजेड धरून उभा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एक्केचाळीस वर्षांत कुणाला काही दिसलं नाही," मी म्हटलं, "आणि तुला तीन वर्षांत दिसलं?"

तिने क्लिफर्डकडे पाहिलं. त्यानेच तोंड उघडलं. "वहिनी, तू आता घरी जा. डोकं तापलंय तुझं. रविवारी येतो मी, मग बोलू."

म्हणजे घरचाच भेदी. माझ्या नवऱ्याने याला सायकल शिकवली! एप्रन काढून टेबलावर फेकला आणि निघाले. निम्मं आभाळ राहिलंय. लावू दे तिला.

दिवसभर हात कशाला लावावेत कळेना. दोनदा भांडी घासली.

२२ जून, शनिवार

बँड ऐकू आला. गेले नाही. खिडकी लावून घेतली.

२३ जून, रविवार

क्लिफर्ड आला. बिस्किटांचा डबा आणला होता, आत ओल्या फडक्यात पाकळ्या. माझ्या रांगांतून काढलेल्या. त्याने मला खिडकीशी नेलं, उन्हात एक पाकळी माझ्या तळहातावर ठेवली आणि रंग विचारला.

म्हटलं, निळा. तुला डोळे नाहीत का?

मग खिशातून दुसरी काढून शेजारी ठेवली. मला दोन्ही सारख्याच दिसल्या.

"वहिनी, ही निळी आहे," तो म्हणाला. "पहिली जांभळी. शेजारच्या परातीतली. दर वर्षी थोड्या जास्त होतात."

तीन वर्षं. पहिल्याच उन्हाळ्यात इमोजनच्या लक्षात आलं. क्लिफर्ड मला सांगायला निघाला होता, तिने अडवलं. त्यांचं आभाळ काढून घेऊ नका, म्हणाली, मी पहाटे येऊन चुकलेल्या पाकळ्या बदलत जाईन. तेव्हा गावात येऊन तिला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. कोठारातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणून कुणी बोललं नाही.

मोतीबिंदू असेल, काढतात हल्ली, असं म्हणून तो गेला. फार राग आलाय. कुणाचा, ते बसून शोधतेय. सापडत नाही.

२४ जून, सोमवार

गाव उठायच्या आत विहिरीवर गेले. डोळ्यांवर विसंबले नाही, आभाळावरून बोट फिरवलं. खालच्या निम्म्यात जवळजवळ सगळ्या सैल, माझ्याच. चुकलेल्या तेवढ्याच काढल्या होत्या तिने, बाकी एकीलाही धक्का नाही.

तिथून सरळ तिच्या दारावर थाप मारली. झोपेतून उठून आली, मला पाहून घाबरली.

"आठव्या कारणातला एक शब्द मी खोडलाय," म्हटलं. "तो परत घाल."