तुझ्यासारख्यांची मैफल

कराड

प्रिय फिरदोस,

परवा फोनवर तू तावातावानं बोलत होतीस आणि मी नुसती हो म्हणत राहिले. तिकडच्या गोऱ्यांच्या पंगतीत जागा नाही, म्हणून काळ्या-सावळ्या लेखकांना वेगळं पान वाढायचं, असलं बक्षीस मला नको, म्हणालीस. मला ते पटलंही. तुझ्या गोष्टी चांगल्या आहेत. त्यात कातडीचा रंग कशाला?

काल मिरजेला गेले होते. तुमच्या गल्लीत संध्याकाळ अजूनही सावकाश उतरते. बशीरचाचा नवा तंबोरा जुळवत होते. एकच सूर कितीतरी वेळ हवेत तरंगत राहिला आणि मला वाटलं, आपण अजून दहावीतच आहोत; आत्ता तू जिना चढून येशील आणि नुकतीच रचलेली गोष्ट सांगायला लागशील.

मेहरुनचाची लसूण सोलत होती. तिला मी बक्षिसाचं, त्याच्या समारंभाचं सांगितलं, लेकीचा रागही सांगितला. तिचा हात थांबला.

"म्हंजे तितं आपल्यासारकी माणसं लय जमतील?"

जमतील की, म्हटलं. कुणाचे आईबाप आफ्रिकेतले, कुणाचे बंगालमधले. सगळी लिहिणारी.

चाचीनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. मग म्हणाली, "राजू, माज्या सपनात ती बर्फातनं एकटीच चालती बग. हाका मारल्या तरी वळून बगत न्हाई. मला वाटायचं, तितं हिला कोन हाय?"

आतला सूर थांबला होता. चाचा दारात येऊन उभे होते.

परतीच्या गाडीत उसाच्या रानांवर धुकं पसरत होतं. डोळा लागला तेव्हा मलाही तू दिसलीस, पांढऱ्या रस्त्यावर, पाठमोरी.

म्हणून हे पत्र. चाची फोनवर तुला यातलं काही बोलणार नाही. जेवलीस का, एवढंच विचारेल. पण मी निघताना तिनं माझा हात धरून ठेवला. "तिला लिही. बक्षीस नगं तर नगं म्हनावं. पर त्या दिवशी जा. त्येंच्यात जाऊन बस. आन् येक फोटू धाड, तुज्या शेजारी कोन बसलंय ते दिसंल असा."

तुझीच,
राजेश्वरी