वळचणीचं ताट

कोल्हापूर,
२ एप्रिल २००६

दादास निशाचा जयभीम.

माझी काळजी करू नको. दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्यात. उपाशीपोटी त्या सोसत न्हाईत, म्हणून हितल्या आश्रमातल्या बाई रोज शेंगदाण्याचा लाडू आन उकडलेलं अंडं देत्यात. वजन चौतीस किलोवरनं चाळीसवर गेलंय. आई गुडघ्याला तेल लावती का?

गारगोटीला तुझ्या घरात दोन महिने हुते, तवा माझं ताट गोठ्याच्या वळचणीला असायचं, तळाला लाल रंग लावलेलं. सगळी जेवली की उरलंसुरलं त्यात लांबनं पडायचं. एचआयव्ही ताटातनं पसरत न्हाई, हे डॉक्टरनं तुला तोंडावर सांगितलं हुतं. तू मान हलवलीस आन घरी जाऊन रंगाचा डबा उघडलास. मास्तर हाईस की तू!

आता लिहितोस, जयंतीला ये, स्टेजवर माझं भाषण हाय. पाठ हाय मला ते. हॉटेलवाला आपल्या आज्याची कपबशी वळचणीला वेगळी ठेवायचा, हे सांगताना दरसाल तुझा गळा भरून येतोय. लोक टाळ्या वाजवत्यात. वहिनी पदरानं डोळं पुसती.

येणार हाय मी. वहिनीला म्हणावं, ते ताट टाकू नको. कपबशीची गोष्ट संपली की ते हातात घेऊन मी पहिल्या रांगेत उभी राहीन. मग सांग लोकास्नी, हे कुणी ठेवलं ते.

आईला तेवढं सांग, पोरगी हितं परक्यांच्या पंगतीत पोटभर जेवती.

तुझ्याच पाठची,
निशा