पुठ्ठ्यात लपवलेले पत्र

५ ऑक्टोबर १९५२
माझी पत्रमैत्रीण हाना हिने प्रागहून पाठवलेल्या चित्रपुस्तकाचा पुठ्ठा आज वाफेवर सोडवला. ‘बांधणी नाजूक आहे, जपून उघड’, असे तिने लिहिले होतेच. आत बारीक इंग्रजी अक्षरांत दोन पाने. तिचे वडील शाळामास्तर, वर्गात सरकारबद्दल काही बोलले, पोलिसांनी नेले. न्यायालयात त्यांनी पाठ केलेली कबुली म्हटली. ‘बाबा अशी वाक्ये कधीच बोलत नसत.’ आता खाणीत आहेत. हाना वर्गात पहिली, तरी तिला विद्यापीठ बंद. शेवटी: वाचून जाळ.

८ ऑक्टो.
जाळले नाही. अनुवाद केला. लिहिताना आनंद झाला, हेही नोंदवून ठेवते. नाव गाळून वाचनालयाच्या दिवाळी हस्तलिखितात घेतला. अंक दरवर्षी माझ्याच अक्षरात असतो.

११ ऑक्टो.
वसंतभियांनी (वाचनालयाचे चिटणीस, कम्युनिस्ट देशांशी स्नेह जोडणाऱ्या मैत्री संघाचेही) सर्वांसमोर वाचला. “सुमन, कहानी झकास! पण सब मनगढंत, रचलेली. मजुरांच्या राज्यात मास्तराला कोण खाणीत घालतं?” सगळे हसले. मला चारचौघांत बोलता येत नाही. अंक घरी आणला आणि, कहाणी खरी आहे हे दिसावे म्हणून, मूळ पत्र, सहीपत्त्यासकट, अनुवादासमोरच्या पानावर डिंकाने चिकटवले.

२ नोव्हें.
अंकाला पहिले बक्षीस. महूच्या मावशीने पेढे आणले. पत्र सोडवून घ्यायचे राहिले. उद्या.

२० नोव्हें.
‘उद्या’ आज उजाडला. कपाटात अंक नाही.
“अरे, वो तो गया! मैत्री संघाच्या प्रदर्शनात, प्रागला. तुझं अक्षर तिथे झळकणार. मिठाई कब खिला रही हो?”
“भिया, त्यात तिचं पत्र आहे. नावासकट.”
“कौन सा पत्र?” मी सांगितले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. “पर वो तो मनगढंत था ना?”
इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

९ डिसें.
तार करावी? पण काय लिहू? सावध करणारा प्रत्येक शब्द तिच्याविरुद्धचाच पुरावा. वसंतभियांनी अंक परत मागवला आहे. उत्तर नाही.
एका मुलीने माझ्यावर विश्वास टाकला. मी तो बक्षिसासाठी पणाला लावला.

३ जाने. ५३
हानाचे पत्र. टंकलिखित, चार ओळी. ‘मी सुखात आहे. बाबा श्रमातून नवे जीवन घडवत आहेत. आम्ही सरकारचे ऋणी आहोत.’ सही तिचीच.
हाना अशी वाक्ये कधीच लिहीत नसे.
टपालाचा शिक्का पुसट. अंक पोचण्याआधीचा की नंतरचा? भिंगातून तीनदा पाहिला.

४ जाने.
‘प्रिय हाना’, एवढेच लिहून झाले. पुढचे तिच्याआधी कोण वाचेल...
संध्याकाळी वसंतभिया आले. आत आले नाहीत. “चिठ्ठी आली का, बेटा?”
“आली. सुखात आहे म्हणते.”
ते उंबऱ्याबाहेर तसेच उभे. मीही त्यांना ‘बसा’ म्हटले नाही.