तेलाचा हात

जोहे, ता. पेण
दि. ११ मार्च १९९६

सौ. पूजास,
सप्रेम आठवण.

इकडे आम्ही ठीक. सरूचा खोकला गेला का ते कळव. तिला उन्हात फार वेळ ठेवू नकोस. कारखान्यात लहान मूर्तींचं काम चालू आहे, हाताला सुट्टी नाही.

हे पाकीट गोंद लावून नीट बंद केलं आहे. तुझ्या हरेशदादांनी विचारलं तर सरूच्या औषधाबद्दल लिहिलंय म्हण. आधी एक कागद फाडला. निरोध हा शब्द लिहावा की नाही, हेच ठरत नव्हतं. आता लिहिला आहे.

त्या रात्री तो फाटला तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "मला परत त्या टेबलावर नाय जायचं." सरूच्या वेळी तुझं पोट फाडावं लागलं. तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. मी तुला म्हणालो, सरकारी फुकटचा माल, असाच असणार. पुढे तुझी पाळी आली, आपण सुटलो. पण तू माहेरी गेलीस ती अजून आली नाहीस.

माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं. शेजारचा जगन तीच पाकिटं वापरतो, त्याचा कधी फाटला नाही. मग माझाच का? म्हणून काल जेवणाच्या सुट्टीत दोन निरोध फुगवून कारखान्यामागच्या बांबूला बांधले. एक तसाच ठेवला. दुसऱ्याला खोबरेल तेल चोळलं. चोळता चोळता तो बोटांखाली बुळबुळीत झाला आणि फट्‌ करून गेला. कोरडा तसाच डोलत राहिला. मी परत केलं, परत तेच.

आमच्यातला कारागीर हिरामण मागे उभा होता. म्हणाला, "काय रे, पोरीचा वाढदिवस लवकर आला काय?"
"नाय, रबर बघतोय."
"बघतोस काय? बायकोला आण घरी, मग बघ."
सगळे हसले. मी पण हसलो, पण माझे कान गरम झाले होते.

पूजा, त्या रात्री मी तेल लावलं होतं. कोरडा तुला खुपतो असं तू म्हणाली होतीस, म्हणून. इथे रबरी साच्यात प्लास्टर ओतण्याआधी आम्ही आतून तेलाचा हात फिरवतो, मूर्ती अलगद सुटते. रबर दिसलं की तेल, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. अंधारात तुला ते कळलं नाही आणि नंतर सांगायला माझी जीभ रेटली नाही. माल वाईट नव्हता.

आज उपकेंद्रातल्या नर्सबाईंना जाऊन विचारलं. बायका उठून जाईपर्यंत बाहेर थांबलो. त्या म्हणाल्या, "तेल? अरे, गणपती काढायचाय काय साच्यातून?" मग नीट सांगितलं. तेल, व्हॅसलीन काही चालत नाही, रबर कमजोर होतं. मेडिकलमध्ये आधीच ओलसर असलेले मिळतात, ते घ्यायचे. पाकिटावरची तारीख बघायची, दातांनी फोडायचं नाही, टोक चिमटीत धरून हवा काढायची, आणि दर वेळी नवा. रोगराईपासूनही तोच वाचवतो म्हणाल्या. मी विचारलं, मग कधीच फाटत नाही का? त्या म्हणाल्या, "कधीच असं मी कशालाच म्हणणार नाही. पण फाटला तर लपवू नका, लगेच माझ्याकडे या." हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

गंमत म्हणजे आता मला वाटतं, आमचे साचेही दरवर्षी सैल होतात ते तेलामुळेच असतील. शेठना विचारलं. ते म्हणाले, "तू मूर्ती कर, डोकं नको करू."

आई मात्र म्हणते, एक मुलगा होऊ दे, मग काय ते करा. मी तिला सांगितलं, डॉक्टरांनी नको म्हटलंय आणि मलाही नको. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, भाकरी तेवढी वाढते. तू इथे आलीस तर तुलाही ऐकावं लागेल. ते आधीच सांगून ठेवतो.

रविवारी एस.टी.ने रोह्याला येतो. त्या ओलसर निरोधांचं पाकीट आणीन. तू त्यातला एक हातात घे, ताण, पाणी भर, काय वाटेल ते करून बघ. पटलं तर ये. नाही पटलं तर मी सरूला खेळवून संध्याकाळच्या गाडीने एकटा परत फिरेन, आणि तुझ्या घरच्यांना सांगेन की पूजाला इथेच राहायचं आहे आणि ते माझ्या संमतीने आहे.

तू हो म्हणेपर्यंत जवळ न येणारा,
अमोल