सकाळीच अडणारा जॅक

अण्णा, तुम्ही चुकला होतात. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, तरी हे वाक्य आधी लिहिल्याशिवाय मला पुढे लिहवत नाही. तुमच्या तोंडावर मी ते एकदा म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही पाठ फिरवलीत. आता पाठ फिरवायची सोय नाही, तेव्हा सगळं ऐकून घ्या.

एकोणीसशे पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची गोष्ट. घराला लागून तुमची मोटारदुरुस्तीची शेड, आणि सासरहून कायमची परत आलेली मी. स्वयंपाकघरात बसले की येणारी-जाणारी बाई माझ्याकडे बघून उसासा टाकायची, म्हणून मी शेडमध्ये येऊन बसायची. खिळे-बोल्ट निवडून डब्यात भरायला तुम्ही मला बसू देत होतात, एवढं तुमच्या पदरात टाकते. मुंबईहून आणलेला तो तेलाचा जॅक म्हणजे तुमचा जीव की प्राण. दांडा हलवला की आतलं तेल दाबलं जाऊन उतारूंची अख्खी सर्व्हिस मोटार वर उचलली जायची, आणि स्क्रू सैल केला की सावकाश खाली यायची. त्याचं खास तेल संपलं आणि मुंबईच्या बोटीने नवीन येईना, तेव्हा तुम्ही त्यात घरचं खोबरेल गाळून भरलंत. चामड्याच्या वॉशरला खोबरेलच मानवतं, असं येईल त्याला कौतुकाने सांगत होतात.

मग पौष लागला आणि जॅक बिघडला. मोटार उतरताना बोटभर खाली यायची, अडायची, आणि एकदम धाडकन आदळायची. तुम्ही काय काय केलंत ते मी पाहिलं आहे. वॉशर बदललात, आत अडकलेली हवा काढलीत, तेल मलमलीतून पुन्हा गाळलंत. आणि प्रत्येक वेळी जेवून उठल्यावर, भर दुपारी, स्वतः जॅक चालवून पाहिलात. दुपारी तो लोण्यासारखा उतरायचा. सकाळी सातची मोटार उतरवायचा तो मिरजोळे गावचा तुमचा गडी, आणि त्याच्याच हातात जॅक झटके द्यायचा. झालं, तुमचा निकाल ठरला. एका सकाळी मोटार अशी आदळली की खालचा लाकडी ठोकळा फुटला आणि त्याचा पाय थोडक्यात वाचला. त्याला कुठे लागलं का, हेही तुम्ही विचारलं नाहीत.

"माझ्या हातात कसा बरा उतरतो? तुझा हातच धड न्हाय," तुम्ही म्हणालात. "उद्यापासून येव नको."

तो पंच्याने हात पुसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पोचायच्या आत मी जॅकचं बूच उघडून आत बोट घातलं. आत पांढरं, घट्ट, लापशीसारखं. मग तुमच्या आणि ड्रायव्हरच्या देखत मी जॅकभोवती गोणपाट गुंडाळलं, त्यावर किटलीभर कढत पाणी ओतलं, थोडा वेळ थांबले आणि सातची मोटार माझ्या हाताने खाली उतरवली. एक झटका नाही.

"थंडीत खोबरेल थिजतं, अण्णा. आई रोज सकाळी बाटली चुलीजवळ ठेवते ती का? हात त्याचा धड होता. तेल तुम्ही घातलंत. तुम्ही चुकलात."

"घरात जा," तुम्ही पाठमोरे होत म्हणालात. मी गेले नाही. उभी राहिले, आणि दुसऱ्या दिवशीही आले. तुम्ही मुकाट्याने तेल बदललंत, पण त्याला बोलावणं धाडलं नाहीत. "मिस्त्री आपला शब्द फिरवीत नसतो," हे तुम्ही आईला सांगितलंत, मला ऐकू जाईल अशा बेताने. पुढच्या दिवाळीला तुम्ही माझ्या हातात नवा पाना ठेवलात. मी तो घेतला, आयुष्यभर वापरला, तुमच्यामागे शेडही चालवली. पण ती तुमची माफी म्हणून मी तेव्हा धरली नाही आणि आजही धरत नाही. माफी मागायची तर ती मिरजोळ्याला जाऊन मागायची होती.

मी गेले होते. चार दिवस तुमची वाट बघून चालत गेले. त्याची बायको दारात आली. "परवाच्या बोटीन गेले ते मुंबयला," ती म्हणाली. "आता कुठली गिरण घेईल त्यांना, देव जाणे."

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. तेल थिजतंय हे मला त्या सकाळी कळलं नव्हतं. आठ दिवस आधीच कळलं होतं. पण मिस्त्रीची चूक काढली तर मिस्त्री मला शेडमधून घरात धाडील, त्या बायकांच्या उसाशांत, या भीतीने मी गप्प बसले आणि रोज सकाळी त्याला तुमच्या शिव्या खाताना बघत बोल्ट निवडत राहिले. त्याच्या बायकोने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. पाणी पिऊन मी तिला सगळं सांगितलं. तुमची चूक, खोबरेल, सगळं. ते आठ दिवस तेवढे सांगितले नाहीत.