आदल्या दिवशी

५ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. शिबिरात फोन काढून घेतात, रविवारी दहा मिनिटं देतात, आणि ती दहाही मिनिटं आई रडण्यात घालवते. म्हणून लिहिते आहे.

माझं धावणं बंद केलंय. गेल्या आठवड्यात सगळ्या मुलींचं रक्त घेतलं. माझं एसजीओटी २१० आणि एसजीपीटी ९६ आलं. दोन्ही चाळीसच्या आत हवीत म्हणे. डॉक्टरांनी कागदावरून डोळे न उचलता विचारलं, दारू पितेस का. मग कसल्या गोळ्या, कसली पावडर, कोणी इंजेक्शन दिलं का. मला इतका राग आला की धड उत्तरंही देता येईनात, त्यामुळे मी खोटं बोलतेय असंच दिसलं असणार. लिव्हरचा त्रास दिसतो, असं लिहून त्यांनी मला मैदानावरून उठवलं. दुसरी तपासणी सोळाला आहे आणि पंचवीसला रिलेच्या चौघी ठरणार. वेळेच्या हिशेबात मी तिसरी आहे, मावशी.

आई म्हणते, आपल्या घराण्याचं लिव्हरच नाजूक. तिचंही असंच निघालं, म्हणून तर लांब उडी सुटली आणि बावीस वर्षं ती उकडलेलं खातेय. दुसरा रिपोर्टही वाईट आला तर बॅग भरून घरी ये, असं तिनं बजावलंय. मागून बाबांचं हो हो चाललं होतं.

तुझी हयात रक्ताच्या नळ्यांत गेली. खरं काय ते सांग. मला काही होत नाही, भूक दुप्पट आहे. रक्त घेतलं त्याच्या आदल्या दिवशी सरांनी खांद्यावर वाळूच्या पिशव्या देऊन टेकडीवरून खाली पळवलं होतं, त्यानं मांड्या तेवढ्या भरून आल्या होत्या. हे आपलं जाता जाता.

लोभ आहेच, या महिन्यात तो जरा जास्त असू दे.

तुझी भाची

८ मार्च

चि. टोळभैरवीस,
अनेक आशीर्वाद.

जाता जाता सांगितलंस तेच पहिल्या ओळीत यायला हवं होतं. ही एन्झाइम्स लिव्हरमध्ये असतात तशी स्नायूंतही असतात. जड व्यायाम झाला, त्यातही उतारावर, की स्नायूंना बारीक इजा होते आणि आतला माल रक्तात येतो. कित्येक दिवस तो तिथे राहतो. तो लिव्हरमधून आला की तुझ्या मांड्यांतून, हे माझ्या यंत्राला कळत नाही. ते आकडा देतं, तो चाळीसच्या वर असला की आम्ही शेजारी ‘जास्त’ असा शिक्का मारतो. आणि चाळीस ही मर्यादा माझ्यासारख्या दिवसभर स्टुलावर बसणाऱ्या माणसांवरून ठरलेली आहे.

तेव्हा सोळापर्यंत पूर्ण विश्रांती. धावणं नाही, वजनं नाही, दोरीच्या उड्या नाहीत, आणि तुमचं ते ‘हलकंसं’ही नाही. डॉक्टरांना म्हणावं सीके आणि जीजीटी हेही करा. सीके मुख्यतः स्नायूंचं. जीजीटी लिव्हरचं, ते व्यायामानं वाढत नाही. पहिलं वर आणि दुसरं जागेवर असेल, तर तुझं लिव्हर सुटलं.

ताईला मी समजावीन, पण तिच्या लेखी मी अजून दोन वेण्यांची धाकटी आहे.

खात जा, झोपत जा, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी

१८ मार्च

ती. मावशीस,
नमस्कार. साष्टांग घालायची आज इच्छा नाही.

एसजीओटी ३४०. एसजीपीटी १५०.

तू सांगितलेल्या तपासण्या शिबिराच्या फॉर्मवर नाहीत, म्हणून केल्या नाहीत. वर डॉक्टर म्हणाले, तुझ्या मावशीला सांग, हे शिबिर तिच्या लॅबच्या हुकमावर चालत नाही. आठवडाभर विश्रांती घेऊनही आकडे वाढले, म्हणजे स्नायूंचा प्रश्नच नाही, लिव्हरच. मला त्यांचं पटलं. तुझं शास्त्र माझ्यावरच उलटलं.

मी चोरून धावले असं तुला वाटेल. नाही धावले. बूट पलंगाखाली भिंतीपर्यंत ढकलले होते. खोलीतल्या मुली पहाटे उठून जायच्या आणि मी छताकडे बघत पडायचे. सर येता जाता रिकामटेकडी म्हणायचे. नुसती बसलीयस तर हातभार लाव म्हणून चौदा-पंधराला मला व्यायामशाळा हलवायला लावली. तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर, लोखंडी चकत्या, बाकं, सगळं. लिफ्ट बंद. तेही हू की चू न करता केलं. एवढी शहाण्यासारखी वागले, आणि वर हा रिपोर्ट.

आई महिनाअखेरीला न्यायला येणार आहे. माझं नाव फळ्यावरून अजून पुसलेलं नाही, पण फडकं हातात घेतलंय म्हण.

लोभाचं तुझं तू बघ.

भाची

२० मार्च

चि. टोळभैरवीस,
आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा तुझ्यावर चिडले. तिसऱ्यांदा ‘लिफ्ट बंद’ या शब्दांपाशी थांबले.

अगं, तीन मजल्यांवरून लोखंड उतरवणं म्हणजे व्यायाम नव्हे, असं फक्त तू आणि तुझे सरच समजू शकता. जड घेऊन खाली उतरणं तर मांड्यांना सगळ्यांत वाईट, आणि तेही सोळाच्या ऐन तोंडावर. पण चूक माझीही आहे. मी धावणं लिहिलं, वजनं लिहिली, दोरीसुद्धा लिहिली. काम लिहायचं राहिलं.

सोबत डॉक्टरांसाठी पत्र आहे, लॅबच्या कागदावर, आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या सहीचं. ते दे आणि आजपासून पाण्याची बादलीही उचलू नकोस. तपासणी सत्तावीसच्या आत नको. पंचवीस हुकणार. आशा दाखवून तुला फसवायचं नाही.

आता दुसरं. ताईचा तो जुना रिपोर्ट आठवतो का, असं मी स्वतःला दोन दिवस विचारतेय. मला नोकरी लागून चार महिने झाले होते. तिचं रक्त मीच काढलं. ‘जास्त’चा शिक्काही मीच मारला. त्याच्या आदल्या दिवशी तिची कॉलेजची स्पर्धा होती, आणि मी तिथे वाळूच्या खड्ड्याशेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होते. दोन गोष्टी शेजारी ठेवून मी कधी पाहिल्याच नाहीत. रविवारी तिच्याकडे जाणार आहे.

माया ठेव. मला सध्या तिची गरज आहे.

तुझी मावशी

२९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. आज पूर्ण.

एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, जीजीटी अगदी जागेवर. सीके अजून थोडं वर. डॉक्टरांनी ‘तंदुरुस्त’ लिहून दिलं, बरं झालं म्हणाले आणि पुढच्या मुलीला हाक मारली. बस्स, एवढंच.

चौघी पंचवीसलाच ठरल्या. चौथी जी घेतली तिला मी एकदाही पुढे जाऊ दिलेलं नाही. ती काल माझ्यासमोर बसून जेवली आणि मी ताट तसंच सोडून उठले. पुढची निवड ऑगस्टमध्ये. माझ्या अंगात कधी काही बिघडलंच नव्हतं, मावशी, याचाच राग जास्त येतो. आजारी असते तर निदान कारण असतं.

आईशी काय बोललीस? ती परवा येतेय. मी बॅग भरून ठेवली आहे.

तुझी भाची

३१ मार्च

चि. बाळास,
तुझ्या आईचे आशीर्वाद.

मी येत नाही. सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं होतं ते परत केलं.

मावशी आली होती. दारातच रडायला लागली. मी नाही रडले. जुनी फाइल काढली आणि दोघींनी जमिनीवर बसून तारखा लावल्या. त्या स्पर्धेत मी सरावासकट दिवसभरात अठरा उड्या मारल्या होत्या, दुसऱ्या दिवशी मला कठडा धरून जिना उतरावा लागला होता. हे मला आठवतं. डॉक्टरांना सांगावं असं तेव्हा सुचलंच नाही. मला वाटलं, दमणं ही काय सांगायची गोष्ट आहे.

तुझ्या मावशीवर राग नाही असं मी तिला म्हटलं. ते खरं नाही. राग आहे, जायला वेळ लागेल. मग मी कढईत तेल तापत ठेवलं. तुझे बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, मग ताट घेऊन बसले. आम्ही तिघांनी तळलेलं खाल्लं. मला काहीही झालं नाही.

मावशीनं लॅबच्या फॉर्मवर पेनानं एक ओळ वाढवली आहे, काल अंगमेहनत काय केली म्हणून. वरिष्ठ कुरकुरतायत. तुझ्या शिबिरात ती ओळ नसेल. ऑगस्टच्या तपासणीला कोणी विचारलं नाही तरी तू आपणहून सांग, दोनदा सांग, डॉक्टर वर बघेपर्यंत सांग.

बॅग रिकामी कर. बूट पलंगाखालून काढ.

तुझी आई