कल्याणी एच्चीची जीभ, संगणकाच्या तोंडी

पुळिक्कडवू, रविवार

ती. कल्याणी एच्ची, तुझ्या पायांवर धाकट्या भावाचं, चात्तूचं डोकं. (तू सांगेपर्यंत ते उचलत नाही. पत्र शेवटपर्यंत वाचलंस की कारण कळेल.)

तुझे गुडघे कसे आहेत? कोइंबतूरच्या वैद्याने दिलेलं तेल गुडघ्यांना लावतेस की देवापुढच्या दिव्यात घालतेस? जावयाची साखर, नातीची परीक्षा, गच्चीतला कढीपत्ता, सगळ्यांची खुशाली कळव. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. विहिरीला पाणी आहे. मागच्या फणसाने यंदा लाज राखली. माझी तब्येतही ठीक आहे, फक्त रस्त्याने जाताना मान वर होत नाही, आणि तो काही मानेचा आजार नव्हे.

हे फोनवर का सांगत नाहीस, असं तू म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय या प्रकरणात तुझा हात आहे (हात म्हणजे जीभ), आणि ते कळल्यावर तू जे बोलशील ते निदान पोस्टाने उशिरा तरी यावं.

तुला ठाऊकच आहे, प्रेसमधली मुद्रितशोधकाची नोकरी संपल्यावर मी गावच्या पालिएटिव्ह केंद्रात जायला लागलो. (पुण्य मिळावं म्हणून नव्हे. पेपरातल्या चुका मी मोठ्याने वाचायला लागलो की तुझी भावजय मला घराबाहेर काढते.) अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी केंद्राची नर्स जाते, आणि चाकांची खुर्ची, प्राणवायूचं यंत्र, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पाण्याची गादी, असं सामान केंद्र वापरायला देतं. एका घरचं काम संपलं की ते उचलून पुढच्या घरी पोचवायचं. उचलायचं काम माझ्याकडे. हे तू लक्षात ठेव, कारण मी विसरलो होतो.

कुठलं सामान कोणाकडे आहे ते संगणक सांगतो. पूर्वी त्यासाठी एका कंपनीचा विकतचा प्रोग्राम होता. भाडं भरायला उशीर झाला की तो दार लावून बसायचा आणि आमच्याच खुर्च्यांचा पत्ता आम्हाला सांगायचा नाही. शेवटी हायस्कुलात संगणक शिकवणारी रजुला टीचर एक मुक्त सॉफ्टवेअर घेऊन आली. ते मुळात ग्रंथालयांसाठी केलेलं. पुस्तकाच्या जागी गादी लिहायची आणि वाचकाच्या जागी रुग्ण, की झालं काम. (सुरुवातीला ते प्रत्येक गादीचा लेखक कोण ते विचारायचं. आमचे अध्यक्ष मोयतू हाजी यांनी एका खुर्चीला स्वतःचं नाव दिलं. ती नोंद अजून आहे.) हाजींची लाकडाची वखार, त्यामुळे फुकट मिळालेल्या कुठल्याही फळीत त्यांना वाळवी दिसते. रजुलाने समजावलं, "हाजिक्का, फुकट हा भाग सोडा. हे आपलं आहे. उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या, कोणाची परवानगी लागत नाही." हाजी म्हणाले, "म्हणजे मशिदीच्या विहिरीसारखं." रजुला म्हणाली, "तसंच." "मग त्यात कोण काय टाकतं ते कोण बघतं?" "सगळेच बघतात," रजुला म्हणाली. तेव्हा मी मान डोलावली होती.

अडचण एवढीच की ते सॉफ्टवेअर इंग्रजीत बोलायचं आणि केंद्रातल्या बायकांना इंग्रजीचा धाक. मलयाळममध्ये आणायचं तर एकेका सूचनेचा अनुवाद एका संकेतस्थळावर बसून करायचा होता. बैठकीत सगळे गप्प होते. मी उठून सांगितलं की चार पिढ्यांचे लेखक ज्याच्या हाताखालून शुद्ध होऊन गेले त्याला हे काय कठीण. (ऊठ असं मला कोणी म्हणालं नव्हतं.)

मग मी अनुवाद केला. असा भारदस्त, की छापला असता तर कापडी बांधणी करावी लागली असती. "अभिलेख अनुपलब्ध." "विलोपन सुनिश्चित करावे." पहिल्याच दिवशी त्या बायकांतली आयिषुम्मा पडद्यापुढे बसली, तिने वाचलं, आणि पदर सावरून हळूच मला विचारलं, "चात्तू, कोण गेलं?" बायका हसल्या. एकजण म्हणाली, इंग्रजीच बरं होतं, निदान कळत नाही हे तरी कळत होतं. नर्सही हसली. रजुलाने हसू दाबलं, तेच मला जास्त लागलं.

घरी आलो तो पेटूनच. म्हटलं, यांना सोपं हवं ना, मग देतो. आणि सोपं म्हटल्यावर, एच्ची, मला तुझ्याशिवाय कोण आठवणार? आई गेल्यावर तू ज्या भाषेत मला वाढवलंस ती सगळी लिहून काढली. थांबा म्हणायच्या जागी "बस जरा, भात शिजायला वेळ लागतो." नोंद सापडली नाही तर "आधी नीट बघितलंस का, की आल्या आल्या हाका?" पासवर्ड चुकला तर "आपल्याच घरची किल्ली विसरलास? धन्य तुझी." काही पुसायचं असेल तर "पुसू? मग माझ्या नावाने रडायचं नाही." आणि सामान परत यायला उशीर झाला की त्या घरी आपोआप जो मेसेज जातो, त्यासाठी मी लिहिलं, "नेताना धावत आलात, परत द्यायला पाय मोडले का?" हे सगळं मी फक्त रजुलाला दाखवून हसणार होतो आणि मग नीट, मधलं, माणसांचं काहीतरी लिहिणार होतो, शपथेवर सांगतो. ते काम मी फार मन लावून केलं. इतकं, की केंद्राचा फोन वाजला की "उद्या येतो" म्हणून ठेवून द्यायचो आणि पुन्हा तुझी वाक्यं आठवत बसायचो.

आता त्या संकेतस्थळाची रीत अशी, की एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून खूण करायची. आमच्याकडे दुसरा कोणी नव्हताच, म्हणून रजुलाने दोन्ही अधिकार मला दिले होते. आणि पानाच्या तळाशी तपासल्याची खूण केल्याशिवाय जागचं उठायचं नाही, ही माझी आयुष्यभराची सवय. एच्ची, मी त्या एकेका वाक्याखाली खूण केली. दोन ठिकाणी स्वल्पविरामही सुधारले.

मग खूण झालेलं सगळं पोटात घेऊन सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली, आणि रजुलाने ती सोमवारी सकाळी केंद्रात बसवली. तिने वाचून बघितली नाही. (का बघावी? तपासणारा मी होतो.) मी पोचलो तेव्हा आयिषुम्मा पडद्याला उत्तर देत होती, "बघितलं होतं ग, पुन्हा बघते." आणि तिने पुन्हा बघितलं, तर तिचीच अक्षराची चूक होती, आणि हरवलेला वॉकर सापडला. ज्या बायका त्या यंत्राला बोट लावायला भीत होत्या त्या मुद्दाम चुका करून काय ऐकू येतं ते बघत होत्या. हाजींनी पासवर्ड चुकवला, पडद्यावरचं वाचलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "हे माझ्या थोरल्या आत्याला कुठे भेटलं?" खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला अभिमान वाटत होता. हे माझं आहे असं सांगायला मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात नर्स आत आली आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. कणारनच्या घरून आला होता.

कणारन गेला हे तुला कळवलं होतं. (तेव्हा फोनवर तू काहीच बोलली नाहीस, मला वाटलं लाइन तुटली.) अजून सुतक फिटलं नव्हतं. त्याच्याकडे आमची पाण्याची गादी होती, ती द्यायची मुदत उलटून गेली होती, आणि सकाळी नवी आवृत्ती जागी झाल्याबरोबर तिने पहिलं काम काय केलं असेल, तर ते. ओसरीवर भेटायला आलेली माणसं बसली होती. त्याच्या बायकोला, मातूला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणून तिच्या दिराने मेसेज मोठ्याने वाचायला घेतला. अर्ध्यावर आल्यावर तो थांबला, आणि तो थांबला म्हणूनच उरलेलं सगळ्यांना कळलं.

मी चालत गेलो. रिक्षाने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. अंगणात मला बघून दीर उठून उभा राहिला, पण मातूने त्याला हाताने बसवलं. मी काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण त्याआधी तिनेच विचारलं, "कल्याणी गावात आली आहे का रे?"

मी म्हटलं, "नाही."

"मग हे कोणी लिहिलं? हे तर तिचं बोलणं. काथ्याच्या वखारीत आम्ही शेजारी बसून कातायचो, मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, "मी लिहिलं. तिचं आठवून."

ती मग म्हणाली, "तरीच. कल्याणी असती तर गादी आधी उचलून नेली असती, आणि बोलली असती नंतर. मी दोनदा फोन केला तुला, चात्तू. तू उद्या येतो म्हणालास."

एच्ची, मी शुद्धलेखनाच्या चुकीसाठी माणसांना चारचौघांत उभं केलं आहे. त्या अंगणात उभं राहिल्यावर कळलं की ते कसं असतं.

गादी धुऊन, वाळवून, घडी करून फणसाखाली ठेवलेली होती. तिनेच धुतली होती. नावाडी पोक्करला ती हवी आहे असं नर्सच्या तोंडून ऐकलं होतं, म्हणाली, म्हणून घाई केली. पोक्करचं नाव मलाही सांगितलेलं होतं. मी रिक्षा बोलावली, गादी मांडीवर घेतली आणि सरळ त्याच्याकडे गेलो. तोवर तो चटईवर होता. त्याच्या पाठीबद्दल लिहीत नाही. त्याला कुशीवर वळवताना तो मलाच म्हणाला, "हळू, तुझी कंबर लचकेल."

संध्याकाळी मी हाजींकडे राजीनामा नेला. त्यांनी तो वाचला, चौथ्या ओळीतला एक शब्द कळला नाही म्हणून परत दिला. म्हणाले, "राजीनामा घेतला तर गाद्या कोण उचलणार? आणि मातूला तोंड दाखवायचं तर रोज दाखव, एकदा दाखवून पळू नकोस." मी म्हटलं, निदान ती वाक्यं तरी आजच काढतो. तर आयिषुम्मा आणि सगळ्या बायका आडव्या आल्या. बाहेर जाणारे मेसेज बंद करा, पण आत पडद्यावरचं कोणी काढलं तर आम्ही उद्यापासून येत नाही, असं त्यांनी अध्यक्षांना सुनावलं. यंत्र आता घरातल्यासारखं बोलतं म्हणे.

आणि आमच्याकडून काढलं तरी उपयोग नव्हताच. रजुलाने मला बसवून सांगितलं (रागावली नाही, रागावली असती तर बरं), "चात्तुएट्टा, आपली प्रत आपण सुधारू. पण ज्यांनी ती आवृत्ती घेतली त्यांच्याकडून परत कशी मागणार? घ्यायचा त्यांना हक्कच आहे." घेतली कोणी, तर कण्णूरच्या दोन केंद्रांनी, आणि आलप्पुळच्या एका वाचनालयाने, ज्याचं आभाराचं पत्रही आलं. त्यांच्याकडे म्हणे मुदत उलटलेली पुस्तकं भराभर परत येताहेत. आणि प्रत्येक वाक्य कोणी, कधी लिहिलं आणि कोणी तपासलं, ते जगात कोणालाही उघडून बघता येतं. दोन्हीकडे माझंच नाव आहे. प्रेसमध्ये माझं नाव कुठेही छापलं जात नाही म्हणून मी जन्मभर कुरकुर केली.

तेव्हापासून मी सकाळी आधी सामान उचलतो आणि मग संगणकापुढे बसतो. मातूच्या घरावरून जाताना ती ओसरीवर असली तर मान हलवते, बोलत नाही. मी थांबतो, दोरीवरचं काही काढायचं असेल तर काढून देतो आणि पुढे जातो. एवढीच हकीकत. आता डोकं उचलू का, ते कळव.

तुझा,
चात्तू

ता.क. १ : श्रेय द्यायच्या पानावर अनुवादकाखाली "साहाय्य" असा एक रकाना होता. त्यात मी तुझं पूर्ण नाव घातलं आहे, गावासकट. तेव्हा मला ते मोठेपणाचं वाटलं होतं. तेही आता पुसता येत नाही. आलप्पुळहून तुला पत्र आलं तर घाबरू नकोस.

ता.क. २ : खरं काम हे आहे. ज्या घरी माणूस गेलं आहे आणि आमचं सामान अजून तिथे आहे, त्या घरी पाठवायचा मेसेज अजून कोरा आहे. मी खूप लिहून पाहिलं. एकतर ते कचेरीतून आल्यासारखं होतं, नाहीतर खोटं रडल्यासारखं. कोणाकडे कोणी गेलं की तू मागच्या दाराने आत जायचीस, चूल पेटवायचीस आणि मग काहीतरी एकच वाक्य बोलायचीस. मी लहान होतो, बाहेर उभा असायचो, मला ते कधी ऐकू आलं नाही. ते काय असायचं तेवढं पोस्टकार्डावर लिहून पाठव. मी त्यातला एक शब्द बदलणार नाही.

ता.क. ३ : शुद्धलेखन मात्र तपासीन. ते माझ्याने राहवणार नाही.